निळा बजरीगर आणि पैदाशीची वही

दुकानात ‘लव्हबर्ड’ म्हणून जे निळे, पिवळे, पांढरे छोटे पोपट मिळतात, ते बहुतेक वेळा लव्हबर्ड नसतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले. हे ऑस्ट्रेलियातले बजरीगर. आणि रानातला बजरीगर हिरवा असतो. निळा पक्षी ही मुख्यतः पिंजऱ्यातल्या पैदाशीची देणगी आहे. म्हणजे या रंगाला इतिहास आहे. हा इतिहास लिहायचा, तर साधनं कुठली वापरायची, यावर आज बोलू.

आधी घटनाक्रम. पक्षीशास्त्रज्ञ जॉन गूल्ड यांनी १८४० मध्ये जिवंत बजरीगर इंग्लंडला आणले. पुढच्या काही दशकांत युरोपात त्यांची पैदास होऊ लागली. १८८० च्या सुमारास बेल्जियममध्ये निळा पक्षी जन्मल्याची नोंद आहे. लंडनच्या प्रदर्शनात मात्र निळे बजरीगर दिसले ते १९१० मध्ये. मध्ये तीस वर्षं गेली. का?

इथे थोडं विज्ञान लागतं. बजरीगरच्या पिसांच्या रचनेमुळे निळा रंग दिसतो आणि त्यावर पिवळं रंगद्रव्य असतं; दोन्ही मिळून हिरवा. पिवळं द्रव्य तयारच झालं नाही, तर उरतो निळा. हा गुण अप्रभावी आहे. निळा नर आणि शुद्ध हिरवी मादी यांची जोडी लावली, तर सगळी पिल्लं हिरवीच होतात. पाळणाऱ्याला वाटणार, रंग गेला! पण तो त्या पिल्लांत लपलेला असतो. अशा दोन पिल्लांची जोडी लावली, की सरासरी चारात एक पिल्लू निळं निघतं.

आता मोठ्या सामाईक पक्षीघराची कल्पना करा. एकाच जाळीत दहा-बारा जोड्या, भिंतीला टांगलेली घरटी. कुठल्या पिल्लाचा बाप कोण, हे खात्रीनं सांगता येत नाही. लपलेला रंग धरायचा, तर जोडी वेगळी ठेवावी लागते, पिल्लाच्या पायात लहानपणीच कडी घालावी लागते, आणि वहीत आई-बाप, जन्मतारीख, रंग हे सगळं लिहावं लागतं. मेंडेलचे नियम १९०० मध्ये पुन्हा उजेडात आले आणि या वहीला अर्थ आला. माझं म्हणणं असं, की निळा बजरीगर टिकला तो नशिबानं कमी आणि नोंदींमुळे जास्त. १९२५ मध्ये इंग्लंडमध्ये बजरीगर क्लब निघाला, तेव्हा या नोंदी ठेवणाऱ्या शौकिनांना एक संघटनाही मिळाली.

इथे एक नाव टाळता येत नाही. ब्रेमेनचे शाळाशिक्षक हान्स डुंकर यांनी १९२० च्या दशकात क्रेमर नावाच्या श्रीमंत शौकिनाच्या पक्ष्यांवर काम केलं. कुठल्या जोडीतून कुठले रंग निघतील, याचे तक्ते त्यांनी मांडले. बजरीगरच्या बाबतीत ते चोख ठरले. हेच डुंकर पुढे नाझी काळात ‘वंशशुद्धी’चे प्रचारक झाले. आणि त्यांचा दुसरा प्रयोग, लाल कॅनरी, केवळ संकरातून पुरा झाला नाही. लाल रंग खुलायला योग्य खाद्यही लागतं, हे नंतर इतरांनी दाखवलं. सगळं काही रक्तात असतं हा विश्वास पक्ष्यांच्या पिसांतही पुरला नाही. तोच विश्वास माणसांना लावला गेला. नुसते तक्ते वाचून हे कळत नाही. तक्ता करणारा माणूस आणि त्याचा काळ वेगळा वाचावा लागतो.

आता पद्धतीचे तीन मुद्दे.

पहिला: ‘पहिला’ या शब्दाला घाबरा. १९१० ही प्रदर्शनाची तारीख आहे, जन्माची नाही. साधन नेमकं कशाची तारीख देतं, ते आधी बघा.

दुसरा: शौकिनांचं साहित्य हलकं समजू नका. क्लबची वार्षिकं, प्रदर्शनाच्या याद्या, विक्रीच्या जाहिराती यांतून रंग कधी दुर्मीळ होता आणि कधी स्वस्त झाला, हे दिसतं. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी पिवळं द्रव्य बनवणारं जनुक शोधलं. निळ्या पक्ष्यांत त्यातला एकच बदल ते काम थांबवतो. एकाच घटकाचा हा हिशेब शौकिनांच्या पक्ष्यांवरून जवळपास नव्वद वर्षं आधी मांडला गेला होता.

तिसरा: वहीत काय नाही, ते विचारा. प्रदर्शनाच्या यादीत बक्षीस मिळवणारा पक्षी असतो. न फुटलेली अंडी, मेलेली पिल्लं, नको असलेले साधे हिरवे पक्षी तिथे सापडत नाहीत. त्यासाठी आजारांवरचे सल्ले, वाचकांच्या तक्रारी, औषधांच्या जाहिराती चाळाव्या लागतात.

तुमचा विषय बजरीगर नसेलही. कबुतरं असतील, बैल असतील, आंब्याची कलमं असतील. पुराभिलेखागारात जाण्याआधी एवढं विचारून ठेवा: या विषयाची रोजची वही कोण लिहीत होतं, आणि ती आज कोणाच्या घरी असेल?