कथापात्रांचे धनी

देवांसाठी देवालये, राजांसाठी राजवाडे आणि मृतांसाठी समाध्या मनुष्याने फार पुरातन काळापासून बांधल्या. परंतु गोष्टीतील पात्रांना राहावयास एक गाव वसवावे, त्या गावाला कोट, वेस आणि तिकीटघर असावे, आणि आईबापांनी दोन-अडीच वर्षांच्या बालकाला कडेवर घेऊन त्या पात्रांच्या भेटीस तेथे जावे, ही कल्पना अगदी अलीकडची आहे. तिला पुरते शतकही झालेले नाही. अशा गावाला आज सर्वत्र थीम पार्क म्हणतात. करमणुकीचा विषय म्हणून त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. कायद्याच्या अभ्यासकास मात्र तेथे एक निराळाच प्रश्न दिसतो: या गावात राहणाऱ्या पात्रांचा धनी कोण?

निव्वळ करमणुकीची उद्याने जुनी आहेत. गेओर्ग कार्स्टेन्सेन याने 15 ऑगस्ट 1843 रोजी कोपनहेगन येथे उघडलेले टिव्होली उद्यान आजही चालू आहे. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर 1903 मध्ये लूना पार्क निघाला. तेथे सारा भर यंत्रांवर, झोक्यांवर आणि विजेच्या रोषणाईवर होता. ही स्थाने मुख्यतः मोठ्यांची होती. लहान मूल तेथे आलेच तर ते आईच्या पदराला धरून.

बालकाच्या उंचीवरून जग पाहणारे उद्यान कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरी लेक मेरिट सरोवराच्या काठी 2 सप्टेंबर 1950 रोजी उघडले. चिल्ड्रन्स फेअरीलँड हे त्याचे नाव. बडबडगीतांतील व परीकथांतील प्रसंग तेथे लहान लहान घरांच्या रूपाने उभे केले होते. सोबत मूल असल्याखेरीज मोठ्या माणसास आत प्रवेश नाही, असा तेथील नियम आहे. सामान्यतः जगाच्या दारावर याच्या नेमका उलटा नियम लिहिलेला असतो! हे उद्यान पाहावयास आलेल्या मंडळींत वॉल्ट डिस्ने होता, आणि तेथील संचालिका डोरोथी मेन्स यांस त्याने पुढे आपल्याकडे घेतले.

डिस्नेच्या मनात ही कल्पना कशी आली, हे त्याने स्वतःच सांगून ठेवले आहे. डायेन व शॅरन या आपल्या दोन मुलींना घेऊन तो सुटीच्या दिवशी लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये जात असे. मुली चक्राकार फिरणाऱ्या लाकडी घोड्यांवर बसत आणि बाप बाकावर बसून शेंगदाणे खात असे. मुलांनी खेळावे व आईबापांनी ताटकळावे, यापेक्षा दोघांनी मिळून आनंद घ्यावा असे स्थान का असू नये, असा विचार त्या बाकावर त्याच्या मनात आला.

तथापि डिस्नेच्या उद्योगाचे खरे बीज त्या बाकाच्या पुष्कळ आधी, 1928 मध्ये पडले होते. त्यापूर्वी त्याने ओसवॉल्ड नावाच्या एका सशाची चित्रमालिका काढली होती व ती लोकप्रिय झाली होती. अधिक मोबदला मागण्यासाठी तो न्यूयॉर्कला गेला, तेव्हा त्यास कळून आले की करारान्वये ओसवॉल्डवर त्याचा हक्क नाही. हक्क होता तो युनिव्हर्सल कंपनीचा. त्याचे बहुतेक चित्रकारही मध्यस्थाने आपल्याकडे वळवून घेतले होते. ज्याने ससा घडविला तोच सशाला मुकला. या आघातानंतर अब आयवर्क्स या सहकाऱ्याच्या साहाय्याने त्याने एक उंदीर निर्माण केला आणि 18 नोव्हेंबर 1928 रोजी ‘स्टीमबोट विली’ या बोलपटातून मिकी माऊस लोकांसमोर आला. या वेळी मात्र हक्काची गाठ पक्की बांधलेली होती. कागद न वाचता सही करणारे पक्षकार आम्हा वकिलांना रोज भेटतात, परंतु एका करारातून इतका पुरता धडा घेणारा मनुष्य विरळा.

17 जुलै 1955 रोजी अॅनाहाइम येथील 160 एकरांच्या संत्र्याच्या बागांच्या जागी डिस्नेलँड उभे राहिले. खर्च सुमारे 1 कोटी 70 लक्ष डॉलर झाला. त्यातील काही भाग एबीसी या दूरचित्रवाणी कंपनीने उचलला आणि मोबदल्यात डिस्नेचे कार्यक्रम मिळविले. पहिल्या दिवशी केवळ निमंत्रितांनी यावयाचे होते, पण बनावट प्रवेशपत्रिका निघाल्या व सुमारे 28,000 माणसे आत शिरली. उन्हाच्या तापाने नवी डांबरी वाट मऊ होऊन स्त्रियांच्या पादत्राणांच्या टाचा तीत रुतल्या. नळकाऱ्यांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ पुरे झाले नव्हते. मिरवणुकीतील पात्रांचे पोशाखदेखील बर्फावरील नृत्याचे खेळ करणाऱ्या आइस कपेड्स या मंडळीकडून उसने आणलेले होते. इतकी तारांबळ उडूनही दोन महिन्यांच्या आत दहा लाखावा प्रेक्षक दारातून आत आला.

या उद्यानाच्या मध्यभागी एक किल्ला आहे. तो निद्रिस्त सुंदरीचा. ही कथा फ्रान्सच्या शार्ल पेरो याने 1697 मध्ये छापिली, आणि ती त्याच्याही पूर्वीची. डिस्नेचा पहिला दीर्घ चित्रपट 1937 चा, तो हिमगौरीचा. ती गोष्ट जर्मनीतील ग्रिम बंधूंनी लोकांच्या तोंडून ऐकून संग्रहित केलेली. म्हणजे बालक ज्या वेशीतून आत जाते ती वेस कोणाच्याच मालकीच्या नसलेल्या कथेची, आणि आत जो उंदीर हात हालवून स्वागत करतो तो मात्र नखशिखांत एका कंपनीच्या मालकीचा. कायद्याच्या दृष्टीने यात काहीही वावगे नाही. कथा सर्वांची असते. तिला दिलेले विशिष्ट रूप तेवढे रूपकाराचे. गावच्या विहिरीचे पाणी कोणीही काढावे, पण भरलेली घागर ज्याची त्याची, तसेच हे.

प्रश्न उद्भवतो तो घागर किती काळ आपली म्हणावयाची, हा. अमेरिकेच्या 1909 च्या कायद्याप्रमाणे प्रताधिकार, म्हणजेच कॉपीराइट, प्रथम 28 वर्षे व नूतनीकरणाने आणखी 28 वर्षे, असा 56 वर्षे टिके. त्या हिशेबाने 1928 चा मिकी 1984 साली मोकळा व्हावयाचा. 1976 च्या कायद्याने मुदत 75 वर्षांची झाली, आणि 1998 च्या कायद्याने 95 वर्षांची. या दुसऱ्या वाढीसाठी खटपट करणाऱ्यांत डिस्ने कंपनी अग्रभागी असल्याने लोकांनी विनोदाने त्या कायद्याला मिकी माऊसचेच नाव दिले. ही वाढ घटनाबाह्य आहे, असा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. 2003 मध्ये सात विरुद्ध दोन अशा बहुमताने न्यायालयाने कायदा वैध ठरविला. अखेरीस 1 जानेवारी 2024 रोजी ‘स्टीमबोट विली’तील मिकी सर्वांचा झाला. त्याची नंतरची पुष्कळ रूपे अद्याप बंधनात आहेत, आणि व्यापारचिन्ह म्हणून असलेला हक्क तर वापर चालू असेतोवर संपत नाही.

हा वाद केवळ धनिकांचा नव्हे. 1989 मध्ये फ्लॉरिडातील हॅलंडेल या गावी तीन शिशुगृहांनी मुलांना आवडतात म्हणून भिंतींवर मिकी, मिनी इत्यादिकांची चित्रे रंगविली होती. डिस्ने कंपनीने ती पुसावयास लाविली. हक्काचे उल्लंघन पाहूनही स्वस्थ बसल्यास तो हक्क दुबळा होतो, हे तिचे म्हणणे वकील या नात्याने मला समजते. परंतु पाळण्यापासून ज्या पात्रावर प्रेम करावयास मुलांना शिकविले, त्याचेच चित्र त्यांच्या भिंतीवरून खरवडले गेले, हे चित्र डोळ्यांपुढून जात नाही. पुढे युनिव्हर्सल व हॅना-बार्बेरा या प्रतिस्पर्धी कंपन्यांनी आपली पात्रे त्या भिंतींना देऊ केली. औदार्य आणि व्यापार यांची सरमिसळ ती अशी!

2019 मध्ये आप्तांकडे गेलो असता माझी अडीच वर्षांची कन्या घेऊन मी सहकुटुंब हे स्थान पाहिले. तीन वर्षांखालील बालकास तेथे तिकीट नाही. ज्या खेळांची मोठी कीर्ती त्यांपैकी बहुतेकांस 40 इंच किंवा अधिक उंचीची अट असल्याने तिला तेथे प्रवेशही नव्हता. ती बसली उडत्या हत्तीत आणि वाफेच्या आगगाडीत. मिकी दूर होता तोवर तिने त्यास हात हालविला. तो पुढ्यात येताच मात्र तिने आईच्या खांद्यात तोंड लपविले, ते तो जाईपर्यंत वर काढले नाही. दिवसभरात तिने सर्वांत अधिक वेळ पाहिली ती तेथील पाण्यात पोहणारी खरीखुरी बदके. त्यांचे तिकीट, हक्क वा मुखवटा काहीच नव्हते.

ते भय मला अपरिचित नव्हते. पेडण्यापासून सावंतवाडी-कुडाळपर्यंत देवळांच्या जत्रांतून दशावतारी रंगतात. पूर्वरंगात काळ्या वेषातला संकासुर येतो, तेव्हा पुढे बसलेली लहान मुले अशीच आईला बिलगतात. भेद आहे तो पुढचा. दुसऱ्या दिवशी तोच संकासुर देवळाच्या पायरीवर चहा पिताना मुलाला दिसतो, आणि भय विरून ओळख उरते. डिस्नेच्या उद्यानात मुखवट्याआडचा मनुष्य कधीही दिसू द्यावयाचा नाही, असा कडक दंडक आहे. एका वेळी दोन मिकीही एका नजरेत येता कामा नयेत. तो भ्रम टिकविणे हा तेथील व्यवसायाचा पाया आहे. आमच्या संकासुराला भ्रम टिकविण्याची गरज भासली नाही, कारण त्याच्यावर कोणाचा मक्ताच नव्हता.

उद्यान चालवावयाचे म्हणजे कंपनीच हवी, असेही नाही. नेदरलँड्समधील काट्सह्यूव्हेल गावी 31 मे 1952 रोजी, म्हणजे डिस्नेलँडच्या तीन वर्षे आधी, एफ्टेलिंगचे परीकथावन उघडले. अँटोन पीक या चित्रकाराने त्याची रूपे रेखाटली आणि पेटर रैंडर्स याने यांत्रिक करामती केल्या. आरंभी तेथे दहा कथा होत्या, आणि त्या ग्रिम, पेरो वगैरेंच्या, म्हणजे सर्वांच्या. तेथे एक लांब मानेचा सेवक मान उंचावतो. एक ढेरपोट्या ‘कागद इकडे’ असे ओरडून मुलांकडून केरकचरा तोंडात घेतो, आणि कचरा टाकावयास मुलांची रीघ लागते. या उद्यानाचे स्वामित्व 1950 मध्ये स्थापन झालेल्या एका न्यासाकडे आहे. देवस्थानांचे विश्वस्त आणि महाजन यांच्यात वाढलेल्या वाचकांस ही रचना परकी वाटणार नाही.

येथे आपल्याकडील कायद्याची एक गोष्ट सांगावीशी वाटते. कलकत्त्याच्या मल्लिक घराण्यातील कुलदैवताच्या वादात 1925 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने असे मानले की, देवमूर्ती ही कायद्याच्या दृष्टीने एक व्यक्ती आहे, केवळ जंगम वस्तू नव्हे. तिचे हित स्वतंत्रपणे पाहिले गेले पाहिजे. देव आणि गमतीचे चित्र यांची तुलना मी करीत नाही, ती अनुचित होईल. परंतु दोन दृष्टींतील अंतर ध्यानात घेण्याजोगे आहे. आपल्या परंपरेत ज्याची आपण सेवा करतो तो स्वतः मालक, आणि माणसे त्याची सेवेकरी. त्या नव्या गावात ज्याच्या दर्शनासाठी रांगा लागतात तो स्वतःच मालमत्ता.

भारताच्या 1957 च्या प्रताधिकार कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर 50 वर्षे हक्क टिके. रवींद्रनाथांच्या ग्रंथांची मुदत 1991 अखेर संपत आल्यामुळे तो काळ 60 वर्षांचा करण्यात आला. म्हणजे मुदत वाढविण्याचा मोह केवळ अमेरिकेलाच पडला असे नव्हे. तथापि याच कायद्याच्या 52 व्या कलमात एक सुंदर अपवाद आहे. हौशी मंडळीने विनामूल्य प्रेक्षकांसमोर, अथवा धार्मिक संस्थेच्या साहाय्यार्थ, नाटक केले तर ते हक्काचे उल्लंघन ठरत नाही. जत्रेच्या रात्री देवळापुढील मांडवात होणाऱ्या हौशी नाटकाला कायद्याने हे कवच दिले आहे. ज्या देवस्थान समित्यांना याची माहिती नसेल त्यांनी ती अवश्य करून घ्यावी.

मुलांना अशा उद्यानांत नेऊ नये, असा याचा अर्थ नाही. हौस असेल आणि ऐपत असेल त्यांनी खुशाल न्यावे. आईबाप व मूल यांनी एका दिवसाचा आनंद एकत्र घ्यावा, ही डिस्नेची मूळ कल्पना निर्मळ होती. एवढेच की, मुलाच्या मनात जी पात्रे प्रथम घर करतात त्यांतील काही तरी कोणाच्याही परवानगीवाचून त्याची असावीत. ती त्याने भिंतीवर काढावीत, मांडवात नाचवावीत, मोठेपणी बदलून आपल्या मुलांना सांगावीत. अशी पात्रे आपल्याजवळ पुष्कळ आहेत. ज्या घरात निजतेवेळी गोष्ट सांगणारे कोणी आहे, तेथे ती जिवंत राहतील. जेथे कोणी उरले नाही, तेथे ती जागा रिकामी राहणार नाही, आणि येणारे पात्र आपला मालक बरोबर घेऊनच येईल.