पाणी, आकाश आणि साडेसहाशे किलो

‘उभयचर’ हा शब्द आपण सर्वांनी शाळेत बेडकाच्या निमित्ताने शिकलेला असतो. जमिनीवर आणि पाण्यात असा दोन्हीकडे चरणारा, तो उभयचर. हाच शब्द मराठीने पुढे एका विशिष्ट प्रकारच्या विमानाला बहाल केला आणि तिथे एक बारीकशी अडचण उभी राहिली. धावपट्टीवरून निघून तळ्यात उतरणारे आणि तळ्यातून उठून पुन्हा धावपट्टीवर येणारे यंत्र खरे तर तीन ठिकाणी चरते. ग्लेन कर्टिस या अमेरिकन विमानकर्त्याला हे हिशेब पक्के ठाऊक असावेत. फेब्रुवारी १९११ मध्ये त्याने सॅन दिएगो येथे आपल्या पाणविमानाला चाके जोडली, तेव्हा त्या यंत्राचे नाव ठेवले ‘ट्रायड’, म्हणजे त्रयी. बेडूक निदान दोन्ही घरांत सराईत असतो. ही त्रयी मात्र तिन्ही घरांत थोडी थोडी पाहुणीच राहिली. तिचे आकर्षण आणि तिच्या मर्यादा या दोहोंचा उगम या पाहुणेपणात आहे, असे आम्हांस वाटते.

वाङ्मयाच्या अभ्यासकांनी विमानांत डोके का घालावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. आमचे कारण साधे आहे. दोन आसनांच्या, क्रीडेसाठी बांधलेल्या हलक्या उभयचर विमानांचा इतिहास हा जितका इंजिनांचा आहे, तितकाच एका कल्पनेच्या विक्रीचा आहे. धावपट्टी नको, परवानगीची रांग नको. जिथे पाणी दिसेल तिथे उतरावे, ही ती कल्पना. तिचे लेखन आधी जाहिरातीत झाले, मग करारनाम्यात आणि शेवटी अपघाताच्या तपास अहवालात. एकच विषय तीन लेखनप्रकारांतून कसा बदलत जातो, हे पाहणे आमच्या कक्षेबाहेरचे नाही.

आरंभ मात्र निष्पाप होता. मार्सेयच्या जहाजमालक घराण्यातला आंरी फाब्र हा तरुण २८ मार्च १९१० रोजी एतां द बेर या खाऱ्या सरोवरावरून उडाला. इंजिन पन्नास अश्वशक्तीचे, अंतर सुमारे अर्धा किलोमीटर, उंची पाण्यापासून काही मीटर. त्याआधी त्याने विमान कधी चालवलेलेच नव्हते! इंजिनाच्या बळावर पाण्यावरून झालेले हे जगातले पहिले उड्डाण. फाब्र पुढे १०१ वर्षे जगून १९८४ साली वारला. म्हणजे आपल्या त्या अर्ध्या किलोमीटरची चंद्रापर्यंत लांबलेली सावली त्याने पाहिली.

कर्टिसला जी अडचण आली ती अधिक बोधप्रद आहे. १९१२ साली न्यूयॉर्क राज्यातील क्यूका सरोवरावर त्याची नावेच्या आकाराची नवी यंत्रे वेगाने पळत, पण पाणी सोडीनात. गुळगुळीत तळाला पाणी अक्षरशः चिकटून बसे. उपाय निघाला तो सुताराच्या हातचा: तळाच्या मध्यावर एक आडवी पायरी काढायची, म्हणजे त्या पायरीमागे हवा शिरते, पाण्याची पकड सुटते आणि विमान पुढच्या अर्ध्या तळावर सरकू लागते. आज शंभराहून अधिक वर्षांनंतरही नौकातळाच्या प्रत्येक पाणविमानाच्या पोटाखाली ही पायरी दिसते. हवेत तिचा काडीचा उपयोग नाही. उलट ती वारा अडवते. पाण्यासाठी जे जे करावे त्याची किंमत आकाशात मोजावी लागते. मजबूत तळ हवा, म्हणजे वजन. पंख्यावर पाण्याचे तुषार नकोत, म्हणून इंजिन माणसांच्या डोक्यावर चढवावे, तर वेग वाढवताच ते नाक खाली दाबते आणि वेग कमी करताच नाक वर येते. जमिनीवरच्या विमानात शिकलेल्याचा हात इथे उलटा पडतो. चाके आत-बाहेर करण्याची यंत्रणा हवी, म्हणजे आणखी वजन. खारे पाणी तर धातूला रोजच खाते.

चाकांविषयी थोडे थांबले पाहिजे. चाके आत ठेवून धावपट्टीवर उतरलात तर तळ खरवडेल, खर्च येईल, मानहानी होईल. चाके बाहेर ठेवून पाण्यात उतरलात तर ती पाण्यात रुततात आणि विमान क्षणात उलटे होते. आत बसलेला माणूस पाण्याखाली, डोके खाली पाय वर, पट्ट्यात अडकलेला. हवेच्या सुमारे आठशे पट घनतेचे हे माध्यम वेगाने येणाऱ्याला मऊ लागत नाही. आणि गंमत अशी की ज्या पाण्याची छायाचित्रे कॅलेंडरावर छापतात, ते आरशासारखे निश्चल पाणीच सर्वांत फसवे. त्यात आकाश दिसते, पृष्ठभाग दिसत नाही, त्यामुळे आपण किती उंचीवर आहोत हे डोळ्यांना सांगता येत नाही. उठताना तेच पाणी तळाला अधिक घट्ट धरते. म्हणून अनुभवी चालक आधी गोल फिरून स्वतःच लाटा उठवतो आणि मग निघतो.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा अमेरिकेत असा समज होता की परतलेला प्रत्येक वैमानिक आता मोटारीसारखे घरचे विमान घेणार. रिपब्लिक या कंपनीने युद्धात थंडरबोल्ट लढाऊ विमाने बांधली होती; तिने पर्सिव्हल स्पेन्सरच्या आराखड्यावरून ‘सीबी’ हे चार आसनी उभयचर बाजारात आणले. पुढच्या बाजूला एक दार होते, त्यात उभे राहून गळ टाकता यावा किंवा धक्क्याला दोर बांधता यावा म्हणून. काही विमानांच्या पंख्याच्या पात्यांचा कोन उलटा करून नावेसारखे मागेही सरकता येई. किंमत सुरुवातीला चार हजार डॉलरांच्या आसपास होती, ती सहा हजारांवर गेली. १९४६ साली अमेरिकेत तीस हजारांहून अधिक नागरी विमाने बांधली गेली आणि पुढच्याच वर्षी हा आकडा निम्म्यावर आला. हजाराहून थोडी अधिक विमाने बांधून १९४७ मध्ये सीबीचे उत्पादन थांबले. मासे पकडणाऱ्या कुटुंबाचे चित्र लोकांना आवडले होते. ते विकत घेणारे कुटुंब मात्र तितक्या संख्येने अस्तित्वात नव्हते.

पुढची पन्नासेक वर्षे आम्ही झरझर ओलांडतो. डेव्हिड थर्स्टनचे ‘स्किमर’ आणि त्यातून निघालेली ‘लेक’ विमाने, घरच्या शेडमध्ये बांधायचे संच, फ्लॉरिडातले ‘सीरे’ अशी एक चिवट परंपरा चालू राहिली. ती छंदिष्टांची परंपरा होती आणि छंदिष्टाला मर्यादा ठाऊक असतात, कारण त्या त्याने स्वतःच्या हाताने रिव्हेट केलेल्या असतात.

बदल घडला तो २००४ साली. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने ‘लाइट स्पोर्ट’ हा नवा वर्ग निर्माण केला. दोन आसने, एक इंजिन, मर्यादित वेग; वजन जमिनीवरच्या विमानासाठी ६०० किलोपर्यंत आणि पाण्यावर उतरणाऱ्यासाठी ६५०. शिकण्यास किमान २० तास पुरत, आणि वैद्यकीय प्रमाणपत्राऐवजी मोटार चालवण्याचा परवाना चाले. ते पन्नास किलो म्हणजे पाण्याच्या वाट्याला कायद्याने दिलेली सवलत. नौकातळ आणि चाकांची यंत्रणा या दोहोंनी त्या पन्नास किलोंत मावायचे होते.

एफ-१६ चा माजी वैमानिक कर्क हॉकिन्स आणि त्याचे सहकारी यांच्या ‘आयकॉन’ या कॅलिफोर्नियातील कंपनीने २००८ साली ‘ए-५’ विमानाचे अनावरण केले आणि त्याच वर्षी ते उडाले. दिसायला ते खरोखर देखणे आहे, हे कबूल केले पाहिजे. पंख घडी घालून गाडीमागे ओढून न्यावे, आतला फलक मोटारीसारखा, खिडक्या काढून ठेवता येतात. जाहिरातीत वैमानिक नव्हतेच. तरुण, उन्हाने रापलेली, पाण्यावर खेळणारी माणसे होती. विमान हे वाहन असल्याची खूण पुसून ते खेळणे आहे, असे त्या चित्रणाने सुचवले. ए-५ च्या सुरक्षिततेमागे मात्र खरी विद्या होती. नाक फार उचलले की पंखाचा आधार सुटतो आणि साधे विमान गिरकी घेत कोसळते. ए-५ चा पंख असा घडवला की त्याचा बाहेरचा भाग अखेरपर्यंत आधार सोडत नाही. गिरकी जवळजवळ लागतच नाही. या गुणाला वजन लागले आणि म्हणून २०१३ साली प्रशासनाने कंपनीला ७६२ किलोपर्यंतची खास सूट दिली. सुरक्षित होण्यासाठी हलक्या विमानाला हलकेपणाचा नियम ओलांडावा लागला! एवढे करूनही सुरुवातीच्या आवृत्तीत टाकी भरल्यावर दोन माणसे व सामान यांच्यासाठी जेमतेम १४० किलो उरत. किंमत आरंभी १,३९,००० डॉलर सांगितली होती; २०१७ पर्यंत ती सर्व सोयींसह ३,८९,००० झाली.

२०१६ साली ग्राहकांसाठीचा करारनामा चर्चेत आला. विमानात नोंदयंत्र असेल आणि अपघात झाल्यास खरेदीदार कंपनीवर दावा लावणार नाही, अशा आशयाची त्यातली कलमे होती. टीका झाली, कंपनीने करार सैल केला. आम्हांस त्यात रस आहे तो वेगळ्या कारणाने. जाहिरात आणि करार एकाच कार्यालयात लिहिले गेले, पण दोघांचा वाचक जणू दोन वेगळी माणसे आहेत. एकाला सांगितले होते की हे सोपे आहे. दुसऱ्याला, की जे होईल ते तुझ्या माथी. ‘सूचित वाचक’ ही संकल्पना वर्गात शिकवताना आम्ही कादंबऱ्यांचीच उदाहरणे देत आलो आहोत. याहून स्वच्छ उदाहरण आम्हांस माहीत नाही.

मे २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातील लेक बेरिएसा येथे कंपनीचा मुख्य चाचणी-वैमानिक व सोबतचा सहकारी ठार झाले. तपासात दिसले की कमी उंचीवर उडताना विमान उंच कड्यांनी वेढलेल्या एका घळीत शिरले. वर चढण्यास किंवा वळण्यास जागा नव्हती. गिरकीचा इथे प्रश्नच नव्हता. ऑक्टोबरमध्ये कंपनीने कमी उंचीवरील उड्डाणांविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यानंतर काही आठवड्यांतच, ७ नोव्हेंबर २०१७ रोजी, नामवंत बेसबॉलपटू रॉय हॅलडे आपले नवे ए-५ घेऊन फ्लॉरिडाच्या किनाऱ्यालगत पाण्याच्या अगदी जवळून तीव्र वळणे व चढउतार करीत असताना मरण पावला. चालकाची अवस्था औषधांच्या अमलामुळे बिघडलेली होती, असे अंतिम अहवाल सांगतो. तेव्हा हा दोष विमानाचा नव्हे, हे मान्य. पण एवढ्यावर हात झटकणे आम्हांस पटत नाही.

याचे कारण कायद्यातच आहे. अमेरिकन नियमांनुसार वस्तीवरून उडताना हजार फूट आणि अन्यत्र पाचशे फूट उंची राखावी लागते. खुल्या पाण्यावर मात्र माणसे, नावा व बांधकामे यांपासून पाचशे फूट अंतर ठेवले की पुरे, खालची मर्यादा नाही. जमिनीवर उडणाऱ्याला कायदा वर धरून ठेवतो. पाण्यावर ती जमीनच काढून घेतलेली असते. त्यात विमान कधी न रुसणारे, चालक नवखा, आणि जाहिरातीतले प्रत्येक चित्र पाण्याला टेकलेले. गिरकी न लागणे हा गुण हजार फुटांवर जीव वाचवतो. पन्नास फुटांवर त्याला काम करायला अवकाशच नसतो, पण चालकाला तिथे नेणारा आत्मविश्वास त्याच गुणातून आलेला असतो.

आपल्याकडे हा मोह फारसा पोहोचला नाही, त्यामागे शहाणपणापेक्षा भूगोल अधिक आहे. २०१४ साली जुहूहून पवना जलाशयाकडे पाणविमानाची सेवा निघाली, डिसेंबर २०१७ मध्ये गिरगाव चौपाटीसमोर एक प्रात्यक्षिक झाले. दोन्ही ठिकाणची विमाने प्रवासी वाहतुकीची होती आणि त्यातून कायमचे काही उभे राहिले नाही. पवना, मुळशी, कोयना ही पाणी अडवून केलेली तळी. त्यांच्यावर पाटबंधाऱ्यांचा, वीजनिर्मितीचा, शहराच्या नळांचा हक्क आधीच नोंदलेला. ‘दिसेल तिथे उतरावे’ या वाक्याला फ्लॉरिडाची किंवा मिनेसोटाची नैसर्गिक सरोवरे लागतात. आणि तिथेही आता अनेक जलाशयांवर बंदी आहे. तळाला चिकटून एका तळ्यातले शिंपले दुसऱ्यात जातात, म्हणून तपासणीही आहे. असो.

आयकॉनने एप्रिल २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी अर्ज केला आणि कंपनी पुढे नव्या मालकांकडे गेली. जुलै २०२५ मध्ये प्रशासनाने नवे नियम जाहीर केले. त्यांत वजनाचा निकष बाजूला ठेवून विमान किती कमी वेगात आधार धरून राहते हा निकष आला. साडेसहाशे किलोंचा ज्यावर इतका खल झाला, तो आकडाच मावळतीला लागला. नवी उभयचरे आता जड, मजबूत आणि बहुधा महाग होतील.

जुन्या सीबींपैकी काही अजून उडतात, बऱ्याचशा बदललेल्या इंजिनांवर. अशा विमानांच्या चालकांत एक रीत आहे. उतरण्यापूर्वी, शेजारचे आसन रिकामे असले तरी, ते मोठ्याने म्हणतात: हे पाण्यावरचे उतरणे आहे, चाके वर आहेत. मग खिडकीतून वाकून चाकाकडे पाहतात आणि तेच वाक्य पुन्हा म्हणतात.