मुंबईतील भाडेकरारांचा अंत आणि घरदुरुस्तीचे दायित्व

घरभाड्याच्या कायद्यांचा अभ्यास बहुधा भाड्याच्या दराभोवती फिरत राहतो. मुंबई शहराच्या बाबतीत मात्र दराइतकाच, किंबहुना त्याहून अधिक निर्णायक ठरलेला प्रश्न निराळा आहे. भाडेकरूचा करार संपतो केव्हा, घर रिकामे होते केव्हा, आणि या दोन घटनांमध्ये जो काळ जातो त्या काळात मालक व भाडेकरू यांनी एकमेकांचे काय देणे लागावे, हा तो प्रश्न होय. एके काळी या दोन घटनांमध्ये फार तर काही आठवड्यांचे अंतर असे. पुढे हे अंतर दोन-दोन पिढ्यांचे झाले. ते कसे वाढत गेले आणि त्या वाढीचा भार अखेर कोणावर पडला, याचा मागोवा घेतल्यास शहरातील जुन्या इमारतींच्या अवस्थेचे एक महत्त्वाचे कारण स्पष्ट होते.

आरंभ १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमापासून करावा लागतो. हा अधिनियम मुंबई इलाख्यास प्रथम लागू नव्हता. तो १ जानेवारी १८९३ पासून लागू झाला. त्याच्या १०६ व्या कलमानुसार महिनेमहाल राहणाऱ्या भाडेकरूस पंधरा दिवसांची लेखी नोटीस पुरेशी होती. मात्र त्या नोटिशीची मुदत भाड्याचा महिना ज्या दिवशी पुरा होतो त्याच दिवशी संपावी लागे. या एका अटीवर असंख्य दावे फेटाळले गेले. महिन्याचा शेवट कोणता, इंग्रजी की देशी, अशा प्रश्नांवर वकिलांची बुद्धी खर्च होई. ही अट शिथिल करण्यास २००२ ची दुरुस्ती उजाडावी लागली. १११ व्या कलमात करार संपण्याचे विविध मार्ग सांगितले आहेत: मुदत संपणे, भाडेकरूने स्वखुशीने हक्क सोडणे, अटींचा भंग होऊन हक्क जाणे, नोटिशीची मुदत पुरी होणे, आणि मालक व भाडेकरू यांचे हक्क एकाच व्यक्तीच्या ठायी एकत्र येणे.

उभयतांच्या कर्तव्यांची यादी १०८ व्या कलमात आहे. जागा मिळाली त्या स्थितीत ती राखणे, नित्याच्या वापराने होणारी झीज वगळता तशीच परत करणे, परवानगीवाचून कायम स्वरूपाचे बांधकाम न करणे आणि करार संपताच ताबा देणे ही भाडेकरूची कर्तव्ये. मालकाने जागेतील छुपे दोष सांगावेत आणि भाडेकरूच्या वहिवाटीत अडथळा आणू नये. दुरुस्तीविषयी मात्र हा अधिनियम विलक्षण मितभाषी आहे. मालकावर दुरुस्ती बंधनकारक असल्यास आणि नोटीस देऊनही त्याने ती न केल्यास भाडेकरूने ती करून खर्च भाड्यातून वळता करावा, एवढेच तो सांगतो. ती बंधनकारक केव्हा असते, हे करारावर सोपविलेले आहे, आणि चाळीतील खोलीचा करार बहुधा तोंडीच असे. तरीही व्यवस्था चालत होती, कारण खोली मोडकळीस आली तर भाडेकरू निघून जाईल आणि भाडे थकले तर मालक त्यास काढील, ही परस्परांची भीती जागी होती. कायद्याने न लिहिलेले कर्तव्य दोन्ही पक्ष या भीतीपोटी पाळीत.

पहिल्या महायुद्धाच्या काळात ही स्थिती पालटली. शहरात लोकांची रीघ लागली, बांधकाम मंदावले आणि भाडी कडाडली. १९१८ साली भाडेनियंत्रणाचे पहिले कायदे झाले. ते तात्पुरते मानले गेले होते आणि पुढील दशकात क्रमाक्रमाने मागेही घेतले गेले. त्याच काळात सरकारी विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे २०७ चाळी उभारल्या. सरकार स्वतःच घरमालक झाले. दुसऱ्या महायुद्धाबरोबर तीच टंचाई पुन्हा आली आणि निर्बंधही परत आले. त्यांची परिणती १९४७ च्या ५७ व्या मुंबई अधिनियमात झाली. तो १३ फेब्रुवारी १९४८ पासून अमलात आला. फाळणीनंतरच्या निर्वासितांच्या लोंढ्याने घरटंचाई शिगेस पोहोचली होती आणि मालकाच्या नोटिशीवर कुटुंबाचे छप्पर अवलंबून ठेवणे कोणत्याही लोकनियुक्त सरकारास शक्य नव्हते, हे ध्यानात घेतले पाहिजे.

या अधिनियमाने करार संपविण्याचा मालकाचा अधिकार काढून घेतला नाही. नोटीस देता येत होती, करारही संपत होता. पण त्यामुळे ताबा मिळत नव्हता. भाडेकरू प्रमाण भाडे देत असेल अथवा देण्यास तयार असेल, तर त्यास काढता येणार नाही, असे १२ व्या कलमाने ठरविले. ताबा हवा असेल तर १३ व्या कलमातील कारणांपैकी एखादे सिद्ध करणे प्राप्त झाले: जागेची नासधूस, संमतीवाचून कायम बांधकाम, शेजाऱ्यांस उपद्रव, बेकायदा पोटभाडेकरू ठेवणे, सहा महिने जागा विनाकारण न वापरणे, भाडेकरूने दुसरे योग्य घर मिळविणे, किंवा मालकास स्वतःच्या वापरासाठी प्रामाणिक व वाजवी गरज असणे. स्वतःच्या गरजेचे कारण पुढे केल्यास न्यायालयाने तुलना करावयाची होती. हुकूमनामा दिल्याने होणारे हाल तो नाकारल्याने होणाऱ्या हालांपेक्षा अधिक असतील, तर ताबा नाकारावयाचा. प्रसंगी जागेच्या काही भागापुरताच हुकूमनामा द्यावयाचा. ताबा मिळूनही मालकाची जबाबदारी संपत नसे. त्याने महिन्याच्या आत जागा वापरण्यास आरंभ केला नाही, अथवा वर्षाच्या आत ती दुसऱ्यास भाड्याने दिली, तर मूळ भाडेकरू ती परत मागू शकत होता. भाड्याची लेखी पावती देणे सक्तीचे झाले. पाणी, वीज यांसारख्या आवश्यक सोयी तोडण्यास बंदी आली. भाडेकरूस घालविण्याचा तो जुना व सोपा उपाय होता.

करार संपूनही ताब्यात राहणारा हा ‘वैधानिक भाडेकरू’ नेमका कोण, हा प्रश्न न्यायालयांना दीर्घकाळ छळीत राहिला. नोटीस संपल्यावर मालकाने भाडे स्वीकारले तर जुन्या कायद्याप्रमाणे नवा करार निर्माण झाल्याचे अनुमान निघे. भाडेनियंत्रणाखाली ते निघत नाही, कारण काढता न येणाऱ्या भाडेकरूचे भाडे मालक घेतो ते नाइलाजाने, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली स्पष्ट केले. आधी नोटिशीने करार संपवावा आणि मगच दावा लावावा, असे मुंबई कायद्याखालील प्रकरणात १९६० च्या दशकाच्या आरंभी सांगितले गेले होते. १९७९ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने तो आग्रह सोडला. ज्या नोटिशीने काहीच संपत नाही ती देण्याची गरज काय, असा त्या निर्णयाचा मथितार्थ होता. सुमारे नव्वद वर्षे घरभाड्याच्या कायद्याचा कणा मानली गेलेली नोटीस अशा रीतीने नियंत्रित जागांपुरती अनावश्यक ठरली.

भाडेकरूच्या मृत्यूनेही ताबा सुटत नव्हता. मृत्युसमयी त्याच्यासह राहणारा कुटुंबीय भाडेकरूच्या व्याख्येत आला. मग शिधापत्रिकेवरील नाव आणि भाडेपावती यांना घरोघर वारसापत्राचे मोल आले. पागडी घेण्यास कायद्याने मालक व भाडेकरू दोघांनाही मनाई केली होती. ती उघडपणे पाळली गेली आणि गुपचूप मोडली गेली. जो हक्क संपविता येत नाही त्यास बाजारात किंमत येणारच. भाडेकरू खोली सोडताना नव्या भाडेकरूकडून रक्कम घेई, तीतील हिस्सा मालकास मिळे आणि पावतीवरील नाव बदलले जाई.

परंतु या कथेचा सर्वांत गंभीर भाग दुरुस्तीचा आहे. १९४७ च्या अधिनियमाने जुन्या कायद्यातील मौन मोडले. जागा राहण्यायोग्य स्थितीत ठेवण्याचे कर्तव्य २३ व्या कलमाने, विरुद्ध करार नसल्यास, स्पष्टपणे मालकावर टाकले. त्याच अधिनियमाने प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० रोजी असलेल्या भाड्याशी जखडून ठेवले. करांपोटी काही वाढ चाले, चुना, विटा व गवंड्याची मजुरी यांपोटी मात्र जवळजवळ नाही. कर्तव्य वाढले आणि ते पार पाडण्याचे साधन गोठले. भाडेकरूस स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून कापण्याची मुभा होती. पण वर्षाच्या भाड्याच्या ठराविक अंशापलीकडे कापता येत नसे, आणि गोठलेल्या भाड्याच्या एका अंशात जिना किंवा तुळई बदलता येत नाही. पूर्वीची परस्परांची भीतीही उरली नव्हती. छप्पर गळते म्हणून भाडेकरू जाणार नव्हता, कारण दुसरीकडे त्या भाड्यात जागा नव्हती. तो गेला तर मालकास लाभच होता, म्हणून छप्पर गळू देण्यात मालकाचे हित होते. मालकांच्या लोभास सर्व दोष देणारे आणि भाडेकरूंच्या फुकटेपणास सर्व दोष देणारे, असे दोन्ही पक्षांचे लेखन विपुल आहे. त्या दोहोंत या कलमांच्या परस्परविरोधाकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही.

पावसाळ्यात इमारती कोसळू लागल्या तेव्हा राज्याने हस्तक्षेप केला. १९६९ च्या अधिनियमाने इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाची तरतूद झाली. पुढे ते काम गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरणाकडे गेले. खर्चासाठी मालमत्ता करासोबत उपकर वसूल करण्यात येऊ लागला. अशा उपकरप्राप्त इमारती १९,६४२ होत्या. त्यांची वर्गवारी बांधकामाच्या काळानुसार केली गेली, आणि तिची पहिली सीमारेषा होती १ सप्टेंबर १९४०. भाडी ज्या तारखेस गोठविली तीच तारीख इमारतींच्या जीर्णतेची मोजपट्टी झाली. त्यापूर्वीच्या ‘अ’ वर्गात १६,५०२ इमारती होत्या. १९४७ च्या कायद्याने मालकावर टाकलेले कर्तव्य या शहरी भागापुरते बव्हंशी सार्वजनिक मंडळाकडे आले.

१९८६ च्या सुधारणेने आणखी एक पाऊल टाकले. ७० टक्के रहिवाशांच्या सहकारी संस्थेने मागणी केल्यास मासिक भाड्याच्या शंभरपट रकमेस इमारत संपादन करून संस्थेकडे देण्याची ती तरतूद होती. भाडेकरूच मालक व्हावा, म्हणजेच १११ व्या कलमातील हक्कांच्या एकत्रीकरणाने भाडेकरार संपावा, असा हा मार्ग. मालकांच्या संघटनेने त्यास दिलेल्या आव्हानातील घटनात्मक प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी निर्णय दिला. प्रत्येक खाजगी मालमत्ता समाजाची भौतिक साधनसंपत्ती मानता येणार नाही, असे बहुमत पडले.

दरम्यान मालकांनी आपली वाट शोधली होती. भाडेकरार केला की तो संपत नाही, म्हणून त्यांनी भाडेकरारच करण्याचे टाळले आणि केवळ वापराची अनुमती देणारा ‘लिव्ह अँड लायसन्स’चा कागद पुढे केला. नाव काहीही असो, पक्षांचा खरा हेतू व जागेवरील एकट्याचा ताबा पाहावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये सांगितले. विधिमंडळाने १९७३ मध्ये त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीस ताब्यात असलेल्या अनुमतिधारकांस भाडेकरूच मानले. त्याचा परिणाम उलटा झाला: अनेक मालकांनी रिकाम्या सदनिकांना कुलुपे ठोकली.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये १९४० च्या पातळीवर गोठविलेले भाडे कालांतराने अवाजवी झाल्याचे म्हटले. अधिनियमाची मुदत ३१ मार्च १९९८ रोजी संपणार असल्याने त्या तरतुदी मात्र रद्द केल्या नाहीत. मुदत पुन्हा वाढविली गेली आणि अखेर ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ अमलात आला. त्याने भाड्यात दरवर्षी ४ टक्के वाढीस मुभा दिली, पागडीस मान्यता दिली आणि करार लेखी व नोंदणीकृत असावा ही जबाबदारी मालकावर टाकली. भाडेकरूचे जुने संरक्षण त्याने बव्हंशी कायम ठेवले. अनुमतिधारकाने मात्र मुदत संपताच जागा सोडली पाहिजे. न सोडल्यास शुल्काच्या दुप्पट भरपाई देय होते. अकरा महिन्यांचे करार अजूनही सर्रास होतात. वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेकराराचीच नोंदणी सक्तीची होती त्या काळाची ही सवय. नोंदणी कोणत्याही मुदतीस आवश्यक झाल्यावरही ती सुटलेली नाही.

एकाच जुन्या इमारतीच्या एका मजल्यावर वैधानिक भाडेकरू आणि दुसऱ्यावर अकरा महिन्यांचा अनुमतिधारक, असे दृश्य गिरगावात वा दादरमध्ये सहज आढळते. एकाचा करार केव्हाच संपला आहे आणि घर सुटलेले नाही. दुसऱ्याच्या करारावर घर सोडण्याची तारीख पहिल्याच दिवशी लिहिलेली असते. जिना दोघांचा एकच आहे, आणि तो दुरुस्त करण्यासाठी अर्ज जातो मंडळाकडे.