नागपाडा: नकाशातून गेलेला मतदारसंघ

नागपाडा नाका जागेवर आहे, पोलीस ठाणं आहे, बास्केटबॉलचं मैदानही आहे. फक्त ‘नागपाड्याचा आमदार’ 2009 पासून नाही. 2004ची विधानसभा निवडणूक या मतदारसंघाची शेवटची ठरली. काँग्रेसचे डॉ. सय्यद अहमद इथून पाच वेळा निवडून आले. पुढे ते झारखंड आणि मणिपूरचे राज्यपाल झाले, पण त्यांची ओळख नागपाड्याचीच राहिली.

मोहल्ल्यात एक तक्रार हमखास ऐकू येते: मुसलमानांची मतं फोडायला नागपाडा कापला. त्याचा इलाका पुढे मुंबादेवी आणि भायखळ्यात वाटला गेला, म्हणून हा संशय अधिकच घट्ट झाला. मला तो पटत नाही. परिसीमन आयोगाने 2001च्या जनगणनेवरून हद्दी आखल्या. राज्याच्या एकूण 288 जागा तेवढ्याच ठेवायच्या होत्या, म्हणजे एकीकडे जागा वाढली की दुसरीकडे घटणारच. मुंबई शहराच्या 17 जागा 10वर आल्या आणि उपनगरांच्या 17 होत्या त्या 26 झाल्या. खेतवाडी गेली, परळ गेलं, माझगाव गेलं. एवढंच काय, मुख्यमंत्री मनोहर जोशी जिथून निवडून आले, तो दादरही गेला! तिथे कोणाची मतं फोडायची होती?

प्रश्न विचारायचाच तर वेगळा विचारावा. शहरातली माणसं कमी का झाली?

नागपाड्याला लागून असलेल्या मदनपुऱ्यात 1857च्या उठावानंतर उत्तरेतून आलेले मोमीन विणकर वसले. माग आणि गिरणी यांच्या आधाराने हा सगळा पट्टा दाटला. 1982च्या संपानंतर गिरण्यांचा आधार तुटला. दहा बाय दहाच्या खोलीत दोन-तीन भावांचे संसार किती दिवस चालणार? त्यात 1992-93च्या दंगली झाल्या. मुंबईतली असंख्य मुस्लिम कुटुंबं घरदार सोडून मुंब्र्याला, मीरा रोडला गेली. कोणी मोठ्या घरासाठी गेलं, कोणी जीव मुठीत धरून. जनगणनेच्या फॉर्मवर हा फरक लिहायला रकाना नसतो. 2001 साली ही माणसं जिथे होती तिथे मोजली गेली, आणि ज्या फेररचनेत नागपाडा गेला त्याच फेररचनेत मुंब्रा-कळवा आणि मीरा-भाईंदर हे मतदारसंघ तयार झाले.

मुंब्र्यात एखाद्या वयस्कर माणसाला मूळचे कुठले म्हणून विचारून बघा. वीस-पंचवीस वर्षं तिथे काढूनही ‘नागपाडा’ म्हणणारे भेटतात. मतदान मात्र ते मुंब्र्यातच करतात.