लहान मुलांना कार्यकारणभाव कसा शिकवावा?

एखादी गोष्ट घडते तेव्हा तिच्यामागे काहीतरी कारण असते. कारण आणि परिणाम यांच्यातील या संबंधाला कार्यकारणभाव म्हणतात. पाऊस पडला हे कारण, अंगण ओले झाले हा परिणाम. पहिली ते तिसरीच्या मुलांना हा संबंध नीट समजला तर पुढे गोष्टीचे आकलन, विज्ञान आणि परिसर अभ्यास सोपे जातात.

मुले कसा विचार करतात?

स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी मुलांशी बोलून याचा अभ्यास केला. त्यांच्या 1932 सालच्या पुस्तकात एक प्रसंग आहे. सफरचंदे चोरून पळणारा मुलगा मोडका पूल ओलांडताना पाण्यात पडतो. चोरी केली नसती तर तो पडला असता का, असे विचारल्यावर अनेक लहान मुलांनी चोरीमुळेच तो पडला असे सांगितले. पूल मोडका होता हे कारण त्यांना पुरेसे वाटले नाही.

म्हणूनच घरात कोणी आजारी पडले की ‘मी हट्ट केला म्हणून आई आजारी पडली’ असे मूल मनात धरून बसू शकते. अशा वेळी ‘तुझ्यामुळे नाही, ताप जंतूंमुळे आला’ असे खरे कारण साध्या शब्दांत सांगणे आवश्यक असते.

सुरुवात ‘म्हणून’पासून करा

मराठी व्याकरणात ‘म्हणून’ हे परिणामबोधक, तर ‘कारण’ हे कारणबोधक उभयान्वयी अव्यय आहे. ‘म्हणून’च्या वाक्यात घटना घडल्या त्याच क्रमाने येतात: ‘वारा आला म्हणून पतंग उडाला.’ ‘कारण’च्या वाक्यात परिणाम आधी येतो: ‘पतंग उडाला, कारण वारा आला.’ लहान मुलांना पहिली रचना सोपी जाते. तिची सवय झाली की तेच वाक्य ‘कारण’ वापरून उलटे सांगायला लावावे. ‘पतंग उडाला म्हणून वारा आला’ असे मूल म्हणाले तर ‘आधी काय झाले?’ एवढेच विचारावे.

ओळखीच्या गोष्टी वापरा

चिमणी-कावळ्याची गोष्ट यासाठी उत्तम आहे. कावळ्याचे घर शेणाचे, चिमणीचे मेणाचे. पाऊस दोन्ही घरांवर पडला, मग एकच घर का वाहून गेले? इथे मुलांना पावसाबरोबर घर कशाचे होते याचाही विचार करावा लागतो. नंतर ‘पाऊसच पडला नसता तर?’ आणि ‘पावसाऐवजी कडक ऊन पडले असते तर?’ असे विचारावे. मेण उन्हात वितळते हे आठवून मुले स्वतःच नवी गोष्ट रचतात.

मटकीचा प्रयोग

1. एका वाटीत कोरडी मटकी आणि दुसरीत रात्रभर भिजवून निथळलेली मटकी ठेवा. दोन्हींवर फडके झाका. भिजवलेल्या मटकीचे फडके ओले ठेवा.
2. काय होईल याचा अंदाज आधी विचारा आणि वहीत चित्र काढून घ्या.
3. एक-दोन दिवसांत भिजवलेल्या मटकीलाच मोड येतील. फरक फक्त पाण्याचा होता हे मुलांकडून वदवून घ्या.
4. आता दोन्ही वाट्यांत भिजवलेली मटकी घ्या. एक वाटी बंद कपाटात, दुसरी उजेडात पण उन्हापासून दूर ठेवा. अंधारातल्या मटकीला मोड येणार नाहीत असे अनेक मुलांना वाटते. प्रत्यक्षात दोन्हींना येतात.

एका वेळी एकच गोष्ट बदलली तर खरे कारण सापडते, हे मुलांना इथे पाठ न करता कळते.

मागोमाग घडले म्हणजे त्यामुळेच घडले असे नाही

‘कावळा बसायला आणि फांदी तुटायला’ ही म्हण हेच सांगते. कोंबडा आरवतो आणि मग सूर्य उगवतो. ‘कोंबडा आरवलाच नाही तर सूर्य उगवणार नाही का?’ असे विचारले की मुले हसतात, पण मुद्दा पक्का होतो. मांजर आडवे गेल्याने काम बिघडते या समजुतीलाही पुढे तोच प्रश्न लावता येतो.

मोठ्यांनी काय टाळावे?

घरात ‘का?’ हा शब्द बहुधा रागावताना वापरला जातो: ‘दूध का सांडलंस?’ याला मूल कारण सांगत नाही, गप्प बसते किंवा दुसऱ्याचे नाव घेते. त्याऐवजी ‘पेला कुठे ठेवला होता? मग काय झालं?’ असे विचारावे. ‘पेला काठावर होता, कोपर लागलं म्हणून सांडला’ असे मूल सांगू लागले की पुढच्या वेळी पेला कुठे ठेवायचा हेही तेच ठरवते.