मुद्राराक्षस: खिळ्यांपासून संगणकापर्यंत

विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षस’ या संस्कृत नाटकात नंदांचा अमात्य राक्षस याची मुद्रा, म्हणजे नाव कोरलेली अंगठी, चाणक्याच्या हाती लागते आणि तिच्या ठशामुळे बनावट पत्र खरे ठरते. पुढे मराठीत मुद्रणकला रुजली तेव्हा हेच नाव छपाईतल्या चुकीला मिळाले, आणि नाटकातला स्वामिनिष्ठ अमात्य छापखान्यात उपद्रव करणारा खराखुरा राक्षस झाला.

देवनागरीच्या छपाईत या राक्षसाला वाव फार होता. जोडाक्षरे, मात्रा आणि रफार धरता या लिपीला शेकडो खिळे, म्हणजे शिशाचे सुटे ठसे, लागत. ‘डिग्री’ पद्धतीत तर अक्षर आणि त्यावरची मात्रा वेगवेगळ्या खिळ्यांनी जुळवली जाई, त्यामुळे एक बारीक खिळा सरकला तरी शब्द पालटे. नागपूरचे ‘तरुण भारत’ १९४४ मध्ये ग. त्र्यं. माडखोलकरांच्या संपादकत्वाखाली निघाले, तो काळ याच खिळ्यांचा होता. जुळारी उलटी अक्षरे वाचत पान जुळवी आणि मुद्रितशोधकाला रात्रीच ते तपासावे लागे. अशा कामात राहिलेली चूक कोणा एकाच्या माथी न मारता राक्षसाच्या नावे मांडण्यात त्या श्रमाची जाण होती, आणि हा शब्द टिकला तो त्यामुळेच असावा.

संगणकावर राक्षसाने रूप बदलले. जुन्या मराठी फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत, आणि प्रत्येक फाँटाची मांडणी निराळी असे. साहजिकच तो फाँट नसलेल्या वाचकाला मराठी बातमीऐवजी रोमन चिन्हांचा गुंता दिसे. जपानी लोक अशा बिघाडाला ‘मोजिबाके’ म्हणतात आणि इंग्रजीनेही तो शब्द उचलला आहे. ‘मोजी’ म्हणजे अक्षर, तर ‘बाके’ हे रूपांतरवाचक पद तिकडच्या भुताखेतांच्या नावातही येते.

१९९१ पासून युनिकोडने, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणाऱ्या व्यवस्थेने, हा गुंता सोडवायला घेतला, तरी जुना मजकूर तिच्यात नेताना नवे दोष उपजले. जुन्या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी आणि रफार अक्षरानंतर टंकला जाई, युनिकोडचा क्रम मात्र उच्चाराचा आहे. हा फरक न सांभाळल्यास ‘गणित’चे ‘गिणत’ आणि ‘कर्म’चे ‘कमर्’ होते. असले विद्रूप शब्द आज्ञावलीला शोधता येतात, पण पालटलेले रूपही अर्थपूर्ण शब्द असेल तेव्हा ते मुद्रितशोधकालाच वाचून काढावे लागते.