ओझ्यांची नावे

डोक्यावर किंवा पाठीवर जे चढते त्याला सर्वसाधारण व्यवहारात ‘ओझे’ म्हणतात. परंतु बाजारपेठेचे काम या एका शब्दाने भागत नाही. बेळगावची रविवार पेठ, संकेश्वरचा मिरचीबाजार आणि निपाणीच्या तंबाखूच्या वखारी या भागात ओझ्याला त्याच्या जातीप्रमाणे नाव आहे. गवताचा भारा, जळणाची मोळी, कपड्यांचे गाठोडे, धान्याचे पोते, कापसाची गासडी, गुळाचा रवा आणि तंबाखूचे बोद. नाव उच्चारताच माल कोणता, तो बांधला कसा आणि उचलावयाचा कसा, हे तिन्ही कळते. भारा म्हटला की दोरी आली. पोते म्हटले की दाभण आणि सुतळी आली.

यांतील ‘गोणी’ हा शब्द फार जुना. पाणिनीच्या व्याकरणसूत्रांत तो आढळतो. बैलाच्या पाठीवर टाकलेली, दोन्ही अंगांना लोंबणारी ती गोणी. मराठी आणि कानडी या दोन्ही भाषांत तो शब्द एकाच रूपात नांदतो. आणि येथील किनाऱ्यांवर उतरलेल्या इंग्रज व्यापाऱ्यांनी तोच उचलून आपल्या भाषेत ‘गनी’ असा रूढ केला. मालाबरोबर शब्दही जहाजात चढला तो असा.

काही शब्द उलट दिशेने आले. फारसीत ‘बार’ म्हणजे ओझे. माल ज्यात भरावयाचा ते ‘बारदान’; आजही अडतीच्या दुकानात बारदानाचे वजन वजा करूनच मालाचा हिशेब होतो. ‘बारगीर’ या शब्दाचा मूळ अर्थ ओझे वाहणारा, म्हणजे ओझ्याचे जनावर. मराठ्यांच्या सैन्यात मात्र सरकारी घोड्यावर बसणाऱ्या स्वाराला बारगीर म्हणू लागले. स्वतःचा घोडा बाळगणारा तो शिलेदार. इ.स. १७४२ पासून नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून गेल्या, तेव्हा तेथील लोकांनी त्यांना ‘बर्गी’ म्हटले. ओझ्याच्या जनावराचे नाव अशा रीतीने दूरच्या एका प्रांतात भीतीचे नाव झाले.

रस्ते नव्हते त्या काळी घाटावरील धान्य खाली आणि कोकणातील मीठ वर नेण्याचे काम वंजारी व लमाण यांचे तांडे करीत. रामघाटासारख्या वाटांनी बैलांच्या रांगा चढत-उतरत. एका फेरीत जेवढे नेले ती ‘खेप’. म्हणजे या शब्दात ओझे आणि वाट दोन्ही सामावली आहेत. १८०३ च्या युद्धात इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली याच्या फौजेचे धान्यही या तांड्यांवरच अवलंबून होते. १८८० नंतरच्या दशकात बेळगावास आगगाडी आली आणि तांड्यांची सद्दी संपली. रेल्वेच्या पावतीवर गोणी, गासडी, गाठोडे ही सारी ‘नग’ झाली. निपाणीला आगगाडी आलीच नाही. तेथे बैलगाडीची जागा मालमोटारीने घेतली.

पुढे वजनेही बदलली. पूर्वी २० मणांची खंडी आणि ४० शेरांचा मण; पण शेर गावोगाव निराळा. १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धती ठरली, १९५८ पासून ती अमलात येऊ लागली आणि मणाच्या जागी क्विंटल आला. मापाचे नाव बदलले. ते पाठीवर घेणारा मात्र तोच राहिला.

त्याचे नाव हमाल. हा अरबी शब्द मराठीप्रमाणे कानडीनेही आपला केला आहे. अरबीत ज्या धातूपासून तो झाला, त्याच धातूपासून गर्भ वाहण्याचाही शब्द होतो. मराठीत या श्रमिकाला दुसरे नाव मिळाले ते माथ्यावरून, ‘माथाडी’. १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा केला. त्यामुळे बाजारातील एक बोलीशब्द कायद्याच्या पुस्तकात चढला आणि मंडळामार्फत मजुरी व कल्याणनिधी यांची सोय झाली.

परंतु १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला होता. निपाणीहून कोल्हापूरच्या वाटेवर कागल लागण्यापूर्वीच राज्याची हद्द लागते आणि त्या कायद्याची हद्दही तीच. मालमोटार ती ओलांडून जाते. पोते अलीकडेही तेच, पलीकडेही तेच. ते उचलणाऱ्याची भाषाही पुष्कळदा तीच. शब्दाला सीमा अडवीत नाही, परंतु शब्दामागचे संरक्षण अडते.

‘बोजा’ हा शब्द येथील शेतकऱ्याच्या कानावर बहुधा कर्जाच्या संदर्भातच पडतो. ‘लादणे’ हे बैलाविषयीचे क्रियापद कराविषयी आणि हुकुमाविषयी वापरले जाते. बैलाला कोणी विचारीत नाही, हा त्यातला अर्थ. मराठी बायबलाच्या वाचकांना ‘भाराक्रांत’ हा शब्द परिचित आहे. तेथे तो विसाव्याच्या आमंत्रणात येतो. जुन्या वाटांवर ओझेकऱ्यांसाठी छातीइतक्या उंचीचे दगडी कट्टे बांधीत, की ज्यावर ओझे टेकवून माणसाने क्षणभर मान मोकळी करावी आणि कोणाच्या मदतीवाचून ते पुन्हा उचलावे. ओझ्याला इतकी नावे देणाऱ्या समाजाने तो कट्टाही स्मरणात ठेवावा.